प्रोपेलर शाफ्ट व पिनियन यांचे कोन

प्रोपेलर शाफ्ट व पिनियन यांचे कोन : मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट, त्याचे फेरे मागे नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलमधील (मागील चाकांना फेरे वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीतील) पिनियन म्हणजे फेरे आत घेणारे लहान दातेरी चाक यांच्या अक्षांची परस्पर जुळणी. ती बिघडली की विशिष्ट वेगाला गाडी थरथरते व शाफ्टांना जोडणाऱ्या सांध्यांचे (जॉइंट) अधिक चिन्हाच्या आकाराचे तुकडे (क्रॉस) लवकर झिजतात.

मूळ अडचण युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे एकमेकांशी कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याची आहे. या जॉइंटला इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्डानो (१५०१–७६) याचे नाव रूढ आहे. परंतु त्याच्याशी जोडली जाणारी एकात एक झुलणारी कडी प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती आणि त्यांचा उपयोग वस्तू समतोल टांगण्यापुरता होता. गास्पार शॉट याने १६६४ मध्ये जॉइंटचे वर्णन केले, पण तो एकसमान गती देतो असे चुकीने मानले. ही गती असमान असल्याचे रॉबर्ट हूक याने साधारणपणे १६६७ ते १६७५ या काळात दाखवले व १६८३ मध्ये दोन जॉइंटांचा उपाय सुचवला. मोटारीपुरते श्रेय हूकला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

जॉइंट वाकलेला असताना चालवल्या जाणाऱ्या शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. वेगांचे गुणोत्तर कोनाची कोज्या (cos) व तिचा व्यस्त यांच्या दरम्यान हलते. मिनिटाला ३,००० फेरे व १०° कोन असता वेग सुमारे २,९५४ ते ३,०४६ असा हेलकावतो. ३° कोनात हाच फरक जेमतेम चार-चार फेऱ्यांचा. दोन्ही जॉइंटांचे कोन समान आणि शाफ्टच्या टोकांची दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच प्रतलात असली, तर दुसरा जॉइंट पहिल्याची असमानता पुसून टाकतो. मधला प्रोपेलर शाफ्ट मात्र हेलकावतच राहतो; म्हणून वेगवान गाडीत कोन ३°च्या आसपास किंवा कमी ठेवतात. शून्य कोनही घातकच : क्रॉसच्या टोकांवरील सुई बेअरिंगचे बारीक रोलर जागचे हलत नाहीत व क्रॉसवर खाचा पाडतात. निदान अर्धा ते एक अंश हवा.

गिअरबॉक्स मागे ३° व शाफ्ट ५° उतरता असेल, तर पुढचा कोन २° होतो. पिनियनचे तोंड ३° वर असले, की मागचाही २°. पण जोर लागताच दोन्ही मागची चाके जोडणारे अखंड ॲक्सल चाकांच्या उलट दिशेने वळू पाहते व पिनियनचे तोंड उचलले जाते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत म्हणून ते स्थिर अवस्थेत समांतर स्थितीपेक्षा सुमारे २° खाली, म्हणजे या उदाहरणात १° वर ठेवतात. उभ्या गाडीत तंतोतंत समांतर केलेले अक्ष रस्त्यावर समांतर राहत नाहीत, याकडे जुळणी करताना हमखास दुर्लक्ष होते. मापे गाडीचा भार चाकांवर असतानाच, यंत्रणाने सपाट केलेल्या पृष्ठांवर घ्यावीत. ओतीव कवचावरची मापे फसवी असतात. दुरुस्ती पाटे व ॲक्सल यांमध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवून करतात.

प्रत्येक चाक वेगळे हलणाऱ्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल सांगाड्याला जखडलेले असल्याने ही उचल अल्प असते. गिअरबॉक्सच्या टोकाला दुहेरी कार्डन जॉइंट (दोन जॉइंट शेजारी जोडून केलेला, असमानता स्वतःच पुसणारा) असल्यास जोर लागल्यावर पिनियन जवळपास थेट शाफ्टच्या रेषेत यावे लागते.