अंक, तार आणि गुंडी: नागपूरच्या घरगुती बारीक सुताची पार्श्वभूमी

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांच्या पेट्यांतून अजूनही कधीमधी सुताच्या गुंड्या निघतात. गुंडीला बांधलेल्या चिठ्ठीवर सुताचा बारीकपणा सांगणारा आकडा, म्हणजे अंक असतो, समजा ६०. आज खादीच्या दुकानातून आणलेल्या बारीक सुतावर १०० असा आकडा दिसतो. पाहणारा लगेच म्हणतो, आजीच्या हातचं सूत जाड होतं, आताचं कितीतरी बारीक आहे. खरं तर ही दोन्ही सुतं जवळपास सारख्याच जाडीची आहेत. आजीचा हात कमी पडला नव्हता, मधल्या काळात मोजमाप बदललं. घरगुती कताईची कोणतीही चर्चा या घोटाळ्याशी येऊन अडते, म्हणून या टिपणात त्याला जास्त जागा दिली आहे.

चरखा चळवळीच्या कितीतरी आधीपासून या भागात सूत कातलं जात होतं. नागपूर, उमरेड, पवनी इथले कोष्टी रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी विणत. त्यांना लागणारं सूत गावोगावच्या घरांतून येई. कातणाऱ्या बहुतेक बाया होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ महार घरांतल्या. कापडाचं नाव विणणाऱ्यामुळे झालं, कातणारीची नोंद क्वचितच कुणी ठेवली. हिंगणघाट भागातल्या ‘बनी’ कापसाचा धागा देशी वाणांत लांब आणि मऊ मानला जाई, त्यामुळे बारीक सुताला लागणारा माल हाताशी होता.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. त्यानंतर जे घडलं ते बरेचदा उलटं सांगितलं जातं. गिरणीच्या कापडाने हातमाग बुडवला हे अर्धंच खरं आहे. आधी बुडाली ती हातकताई, आणि ती बुडण्यात विणकरांचाही हात होता. गिरणीचं सूत सारखं असे, ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, तुटत नसे, हव्या त्या नंबरचं आणि हवं तेवढं मिळे. विणकर ते सूत घेऊन आणखी कित्येक दशकं टिकले. गोळीबार चौक, तांडापेठ, मोमीनपुरा इथले माग गिरणीच्या सुतावरच चालले. घरोघरचे चरखे मात्र माळ्यावर गेले.

दुसरा घाव कापसाचा. शेतकऱ्याला भाव मिळे तो वजनावर. बनीत सरकी जास्त आणि रुई कमी निघे. आखूड धाग्याच्या ‘रोझियम’सारख्या वाणांत रुईचा उतारा चांगला पडे. बनी हळूहळू शेतातून मागे सरली. १९२० नंतर नागपुरात पुन्हा चरखे फिरू लागले तेव्हा कातणाऱ्यांच्या हातात आखूड धाग्याचा कापूस होता. आपल्याकडच्या हातसुतावर जाडेभरडेपणाचा शिक्का बसला त्याचं मोठं कारण हेच आहे, आणि त्याचा दोष आजही उगीच बायांच्या हातांना दिला जातो.

काँग्रेसच्या डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनाबद्दल इथे वेगळं सांगत नाही. पार्श्वभूमी म्हणून महत्त्वाचा आहे तो १९२४ चा निर्णय. बेळगावला ठरलं की पक्षाच्या सभासदाने वर्गणी पैशांत न देता सुतात द्यावी: महिन्याला दोन हजार वार, सारखं कातलेलं. कातायची इच्छा नसेल तर तेवढंच सूत दुसऱ्याकडून घेऊन द्यायची मुभा होती. वर्षभरात ही अट मागे पडली, कारण विकत घेऊन दिलेल्या सुताने तिचा अर्थच उरला नाही. तरी एक गोष्ट तिने कायमची केली. घरात कातलेलं सूत आता मोजून द्यायची वस्तू झालं, आणि मोजायचं म्हटलं की माप लागतं.

आता ते माप.

गिरणीत सुताचा नंबर ठरे तो पौंडावर. ८४० वारांची एक लड धरायची आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात ते मोजायचं. वीस बसल्या तर सूत २० नंबरचं. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. चरख्यावाल्यांनी ही पद्धत घेतली, पण घरात वापरता यावी म्हणून तिची भाषा बदलली. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. फाळका म्हणजे सूत गुंडाळायची चौकट; चार फूट घेराच्या फाळक्याचा एक फेरा म्हणजे एक तार, त्यामुळे मोजायला वेगळं साधन नको. ६४० तार म्हणजे २५६० फूट, म्हणजे ८५३ वार आणि एक फूट. गिरणीच्या लडीपेक्षा किंचित जास्त.

हे किंचित जास्त मुद्दाम साधलेलं दिसतं. पौंड म्हणजे सुमारे ३८.९ तोळे, घरात भागाकार करायला अगदी गैरसोयीचा आकडा. गुंडी थोडी लांब धरली की तोच आकडा ४० च्या जवळ येतो. मग हिशोब सोपा: ४० ला गुंडीच्या तोळ्यांतल्या वजनाने भागायचं. गुंडी दोन तोळे भरली तर २० अंक, एक तोळा भरली तर ४०. शाळा न पाहिलेल्या बाईलाही सोनाराच्या तराजूवर आपल्या सुताचा अंक काढता येई. यात सव्वा टक्क्याच्या आसपास चूक राहते, पण कताईत तेवढं चालतं. मला हे माप फार शहाणं वाटतं. गिरणीच्या नंबरशी नातं तुटलं नाही आणि तराजू घरचाच राहिला.

पुढे १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजनमापं आली आणि त्यानंतरच्या काळात खादीनेही ती स्वीकारली. गुंडी १००० मीटरची झाली. अंक म्हणजे एका किलोत बसणाऱ्या अशा गुंड्यांची संख्या. शब्द तेच राहिले, गुंडी आणि अंक, पण दोन्हींचा अर्थ बदलला. जुनी गुंडी सुमारे ७८० मीटरची होती, म्हणजे नवी तिच्याहून अठ्ठावीस टक्के लांब. अंकाचं प्रमाण त्याहून वेगळं: जुना अंक १.६९ ने गुणला की नवा मिळतो. जुना २० म्हणजे नवा ३३ ते ३४. जुना ६० म्हणजे नवा १००. भर म्हणून गिरणीच्या सुताचा बाजार, आणि त्याच्यामागून आपले हातमागवाले, आजही पौंडाचाच नंबर बोलतात. इतवारीच्या बाजारात ‘ऐंशीचं सूत’ म्हटलं तर ते जुन्या मापाचं, खादीच्या दुकानात ऐंशी म्हटलं तर नव्या. दोघांत दीडपटीहून जास्त फरक आहे. शेकडो अंकांच्या खादी मलमलीच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर नुसतं कौतुक हाती लागतं.

मापाला एवढं महत्त्व का? मजुरीमुळे. कातणारीला पैसे मिळत ते गुंडीमागे, अंक पाहून. माप बदलण्याच्या कितीतरी आधी, १९३५ मध्ये, चळवळीचं मुख्य ठिकाण वर्ध्याला आल्यानंतर, याच मजुरीवर मोठा वाद झाला. तोपर्यंत कातणारीच्या पदरात दिवसाकाठी जे पडे त्यात तिचं पोट भरत नसे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ तासांच्या चांगल्या कताईला आठ आणे मिळावेत असा विचार मांडला गेला. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल आणि शेवटी कातणारीच उपाशी राहील, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. ठरलेली मजुरी आठ आण्यांच्या बरीच खाली राहिली, पण किमान मजुरीचं तत्त्व मान्य झालं. त्या वर्षी वर्ध्याजवळच्या नालवाडीत तर कातून मिळेल तेवढ्यावरच जगून पाहण्याचा प्रयोग झाला. रोज आठ-नऊ तास बसून चार गुंड्यांच्या आसपास सूत निघे. कुशल हाताला एका गुंडीला दोन तास लागतात, हे त्यातून सरळ दिसतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक निर्णय १९३५ चाच आहे. वाढीव मजुरीबरोबर सुताचा दर्जाही मागितला जाऊ लागला आणि घरोघर अंकाबरोबर कस पाहणं सुरू झालं.

कस म्हणजे सूत किती वजन पेलतं ते. बारीक सुताच्या गप्पांत हा शब्द मागे पडतो आणि सगळी स्पर्धा अंकाची होते. पण ताण्यात न टिकणारं ८० अंकी सूत विणकराच्या काही कामाचं नाही. बारीक सुताला पीळ जास्त लागतो, तो अंकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. गिरणीच्या जुन्या मापाने ताण्याच्या २० नंबरी सुताला इंचाला सुमारे १८ पीळ पडतात, तर ८० नंबरीला सुमारे ३६. तेवढ्याच वजनाच्या कापसातून ८० नंबरी सूत चौपट लांब निघतं आणि प्रत्येक इंचाला पीळ दुप्पट. म्हणजे चातीचे, धाग्याला पीळ देणाऱ्या चरख्यातल्या सळईचे, फेरे आठपट. बारीक सुताची मजुरी जास्त का असावी, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

कातून झालं की काम संपत नाही, आणि नागपूरच्या हवेत तर नाहीच. चैत्र-वैशाखात इथली हवा इतकी कोरडी होते की पेळूतले, म्हणजे कातायला वळलेल्या कापसाच्या वळीतले, तंतू विस्कटतात आणि धागा बोटातच तुटतो. गिरणीने यासाठी आत दमट हवा खेळवायची यंत्रं बसवली. घरी पहाटे कातायचं, दुपारी ओल्या पडद्याच्या खोलीत बसायचं, एवढाच उपाय. ताजं सूत पिळामुळे वेटोळे घेतं. म्हणून चातीवर जमलेल्या सुताच्या कुकडीवरून फाळक्यावर घेताना ते बेतानं ताणून धरायचं, प्रत्येक लटी वेगळी बांधायची, गुंडीवर पाण्याचा हलका शिपका द्यायचा किंवा तिला वाफ द्यायची आणि ताणून वाळवायची. मग पीळ बसतो. लट्या न बांधता उतरवलेली गुंडी धुतल्यावर पुन्हा सुटत नाही, हे मी स्वतः दोन गुंड्या गमावून शिकले. ताण्यासाठी सूत हवं असेल तर खळ लागते, आणि एकेरी सूत कसाला कमी पडलं तर दुबटा: दोन धागे एकत्र घेऊन उलट्या दिशेने पीळ द्यायचा. हातसूत मागावर तुटतं या विणकरांच्या जुन्या तक्रारीवर दुबटा हा घरातला सगळ्यांत चांगला उपाय होता. त्यात सूत दुप्पट खर्ची पडतं आणि अंक निम्म्यावर येतो, म्हणून अंकाच्या मागे लागलेल्यांना तो आवडला नाही.

सेवाग्राम-वर्ध्याकडे कताईच्या आधीच्या कामावरही बराच भर होता. धनुकलीने पिंजण्याऐवजी तुनाई, म्हणजे कापसाचे तंतू हाताने विंचरून सरळ करणं, ही आंध्रच्या बारीक सुताच्या परंपरेतून आलेली रीत. तिकडे पोंदुरूला त्यासाठी माशाच्या जबड्याची फणी वापरतात. आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसातूनही तुनाईने बरंच बारीक सूत निघतं, फक्त वेळ फार लागतो.

वेळेचा प्रश्न यंत्राने सोडवायची धडपड १९२९ पासूनची. त्या वर्षी सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. अट होती आठ तासांत १६ हजार फूट सूत, १२ ते २० अंकाचं. घरच्या मापाने सव्वासहा गुंड्या. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अट भरपूर सुताची होती, बारीक सुताची नव्हती.

१९४५ मध्ये खादीच्या किमतीचा काही भाग स्वतःच्या सुतात द्यायची अट आली, आणि १९२४ चाच अनुभव पुन्हा आला: शहरातल्या गिऱ्हाइकाने सूत विकत घेऊन पुढे केलं. १९४८ नंतर बारा फेब्रुवारीला पवनारच्या धाम नदीकाठी गांधीजींच्या स्मरणार्थ सूतांजलीची एक गुंडी वाहायची प्रथा पडली. पेट्यांत सापडणाऱ्या पुष्कळशा गुंड्या त्या निमित्ताने कातलेल्या असाव्यात. ६४० तारांचं माप घरांत त्यामुळे टिकून राहिलं.

मग अंबर चरखा. १९५६ मध्ये चौकशी समिती बसून त्याला सरकारी पाठिंबा मिळाला. त्यात बोटांऐवजी रूळ धागा ओढतात, गिरणीच्याच तत्त्वावर, आणि हात फक्त दांडा फिरवतो. चात्या दोनाच्या चार, पुढे सहा-आठ झाल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने खादीची व्याख्या ‘हाताने कातलेल्या सुताचं, हातमागावर विणलेलं कापड’ अशी केली आणि अंबरचं सूत तिच्यात बसलं. बसायला हवं होतं असं मी मानते, कारण त्याने कातणारीची कमाई वाढली. मात्र अंबर मांडायला जागा लागते, रूळांना एकसारखे पेळू लागतात, आणि ते बाहेरच्या कारखान्यांतून तयार येऊ लागले. गावचा कापूस गावात कातायचा ही साखळी तिथे तुटली. सौर चरख्याने आता दांडा फिरवणारा हातही गेला. त्या सुताला खादी म्हणायचं की नाही यावर वाद चालू आहे, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याला वेगळं नाव द्या, मजुरी चांगली द्या.

आज नागपुरात घरी बारीक कातणारे जे थोडे आहेत ते बहुतेक पेटीचरख्यावर किंवा तकलीवर कातणारे. कापूस मिळवणं हीच त्यांची मोठी अडचण, कारण विदर्भात सगळीकडे बीटी कपाशी आहे आणि देशी वाणाचा वटलेला, म्हणजे सरकी काढलेला, कापूस ओळखीने मागवावा लागतो. जुनी गुंडी हाती आली तर मात्र चिठ्ठीवर विसंबू नये. तार मोजावेत आणि गुंडी ग्रॅमच्या काट्यावर टाकावी. ६४० तार भरले तर ४६० ला वजनाने भागावं, तो जुना अंक. १००० मीटर भरली तर १००० ला भागावं, तो नवा. पेटीतली ती ६० ची गुंडी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी.