ईश्वरपुत्रत्व (ख्रिस्ती मत)

येशू ख्रिस्त हा देवाचा पुत्र आहे, या ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती सिद्धांताला ईश्वरपुत्रत्व म्हणतात. देवाने मानवी रीतीने अपत्य जन्माला घातले, असा अर्थ यात अभिप्रेत नाही. कुमारी मरियेच्या उदरी झालेला जन्म ही वेगळी श्रद्धा असून, पुत्रत्वाचा आरंभ त्या जन्मापासून होतो असे धर्मशास्त्र मानत नाही. पुत्र पित्याइतकाच अनादी आहे, अशी मुख्य परंपरेची भूमिका आहे. श्रद्धावंतांना कृपेने मिळणारे देवाचे लेकरूपण हा याच संज्ञेचा दुसरा, गौण अर्थ होय.

उगम : ‘देवाचा पुत्र’ ही उपाधी कोठून आली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हिब्रू शास्त्रात ती अनेकांना लागते : इस्राएल राष्ट्राला (निर्गम ४:२२), दाविदाच्या वंशातील राजाला (२ शमुवेल ७:१४, स्तोत्र २:७), तसेच स्वर्गीय सभेतील दूतांना (ईयोब १:६). यांपैकी राजाविषयीचा वापर सर्वांत महत्त्वाचा. राज्याभिषेकाच्या दिवशी राजा देवाचा पुत्र ठरे. तो देव ठरत नसे. दुसरीकडे रोमन जगात ऑगस्टस स्वतःला ‘दैवी पुरुषाचा पुत्र’ म्हणवून घेई, कारण त्याचा दत्तकपिता जूलिअस सीझर याला मरणोत्तर देवत्व बहाल झाले होते. जर्मन बायबल-अभ्यासक व्हिल्हेल्म बूसेट (१८६५–१९२०) याने ख्रिस्तोपासनेच्या जडणघडणीत ग्रीकभाषक मंडळ्यांच्या वातावरणावर भर दिला. नंतरचा जर्मन अभ्यासक मार्टिन हेंगेल याने तो कल अमान्य केला. नव्या करारातील प्रेषित पौलाची पत्रे इ.स. ५० च्या दशकाच्या आसपासची आहेत आणि वधस्तंभाची घटना सुमारे ३० सालची. एवढ्या थोड्या अवधीत परकी कल्पना रुजून तिला सूत्ररूप येणे अवघड, असे त्याचे म्हणणे. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांपैकी चौथ्या गुहेतील एका अरामी तुकड्यात ‘देवाचा पुत्र’ आणि ‘परात्पराचा पुत्र’ हे शब्द जोडीने आल्यामुळे यहुदी उगमाची बाजू बळकट झाली आहे. मात्र तेथील पुत्र मसीहा आहे की कोणी उन्मत्त राजा, हे निश्चित सांगता येत नाही.

पुत्रत्वाचा क्षण कोणता, हा प्रश्न अधिक किचकट आहे. रोमकरांस पत्र १:३–४ मध्ये येशू देहाने दाविदाच्या वंशातला, पण मेलेल्यांतून उठल्याने सामर्थ्याने देवाचा पुत्र ठरलेला, असे म्हटले आहे. हे पौलापूर्वीचे सूत्र असावे, असे बहुतेक अभ्यासक धरतात. मार्कच्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते. लूक ३:२२ च्या बेझा या प्राचीन हस्तलिखितात तर त्या वाणीचे शब्द स्तोत्र २:७ प्रमाणे ‘आज मी तुला जन्म दिला’ असे आहेत. मार्क १:१ मधील ‘देवाचा पुत्र’ हे शब्द सिनाई हस्तलिखिताच्या मूळ लेखनात नाहीत, व्हॅटिकन हस्तलिखितात आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र पुत्र सृष्टीच्या आधीपासून पित्याजवळ आहे. पुनरुत्थान, बाप्तिस्मा, गर्भधारणा, अनादित्व अशी पायरीपायरीने कल्पना मागे सरकत गेली, अशी मांडणी केली जाते. ती सुटसुटीत आहे, पण पौलाची पत्रे शुभवर्तमानांहून जुनी असूनही त्यांत पुत्र ‘पाठविला’ गेल्याची भाषा आहे (गलतीकरांस ४:४), हे तिला नीट पेलवत नाही.

सिद्धांताची निश्चिती : येशू हा मनुष्य असून देवाने त्याला पुत्र म्हणून स्वीकारले, या मताच्या आरोपावरून अंत्युखियाचा बिशप समोसाटाचा पौल (प्रेषित पौल नव्हे) याला अंत्युखियाच्या धर्मसभेने सुमारे २६८ मध्ये दोषी ठरविले. पुढे अलेक्झांड्रियाच्या एरियसने पुत्र हा श्रेष्ठ असला तरी निर्मित आहे, असे शिकविले. ३२५ च्या नायसिया परिषदेने ते नाकारून पुत्र ‘पित्याशी एकतत्त्व’, जन्मलेला पण निर्माण न केलेला, असे ठरविले. आज म्हटला जाणारा मतांगीकार (श्रद्धेचे ठरीव निवेदन) नायसियाच्या नावाने ओळखला जात असला तरी त्याचे रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडले जाते. त्याचा लेखी पुरावा मात्र ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेच्या वेळचा आहे.

श्रद्धावंतांचे पुत्रत्व : पौलाने यासाठी दत्तकविधानाची परिभाषा वापरली (रोमकरांस ८:१५). रोमन कायद्यात दत्तकाला औरस पुत्राप्रमाणे वारसा मिळे. मराठी वाचकाला दत्तकाने गोत्र बदलणे ठाऊक असल्यामुळे येथे फार विवरण लागत नाही.

मुंबईतील संदर्भ : साष्टी व वसई भागात सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मगुरूंनी दिलेल्या स्नानसंस्कारातून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे सूत्र मराठी बोलणाऱ्या कुटुंबांत रुजले, वांद्रे, गोराई, उत्तन येथील ईस्ट इंडियन समाज हा त्याच परंपरेचा वारसदार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागली आणि एरवी लॅटिनमधून ऐकू येणारा मतांगीकार लोकांच्या तोंडी आला. प्रॉटेस्टंट बाजूने अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ पासूनचे. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. अवताराची कल्पना ओळखीची असलेल्या श्रोत्यांना ‘एकुलता एक पुत्र’ हा दावाच अडचणीचा वाटणे स्वाभाविक होते : अवतार वारंवार होतो, ख्रिस्ती मतात देहधारण एकदाच. मुंबईतील मराठीभाषक यहुदी असलेल्या बेने इस्राएलांची गोष्ट निराळी. मिशनऱ्यांच्या शाळांतून ते हिब्रू शास्त्र शिकले, पण धर्मांतर फारच थोड्यांनी केले. स्तोत्र २ चे वाचन ख्रिस्ती व यहुदी दोन्हीकडे होते. त्यातील पुत्र येशू आहे, हे यहुदी वाचन मान्य करीत नाही.

शहरातील चर्चमध्येही बारीक भेद आहेत. रोमन कॅथलिक मतांगीकारात पवित्र आत्मा पिता ‘आणि पुत्र’ यांपासून निघतो. दादर येथील मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत ‘आणि पुत्र’ हे शब्द नाहीत, आणि ख्रिस्तात दैवी व मानवी असे दोन स्वभाव आहेत, हा कॅल्सिडनचा निर्णयही ती परंपरा मानत नाही. नायसियाचे ‘एकतत्त्व’ मात्र दोघांनाही मान्य आहे.