लपवून ठेवलेलं लिखाण

“मी असं म्हणालोच नव्हतो.” “तुझ्याच मनाचे खेळ आहेत सगळे.” वर्षानुवर्षं हे ऐकणाऱ्या बाईचा आधी स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो. मारल्याचे वळ निदान दिसतात तरी. या प्रकाराला ‘गॅसलायटिंग’ हे नाव मिळालं पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या नाटकावरून. त्यात घरातले गॅसचे दिवे मंद होताना बायको पाहते आणि नवरा तिला वेड लागत चालल्याचं पटवत राहतो.

नाव नवं, दुखणं जुनं. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. मला वाटतं, जात्याच्या घरघरीआड सासरचं मोकळेपणी बोलता यायचं म्हणूनही ती सुचत असावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या.

फलटणच्या दलित लेखिका बेबीताई कांबळे दुकानात बसून माल बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या. नवरा संशयी, हातही उचलायचा. पुढे त्या लिहू लागल्या आणि ते लिखाण त्यांनी जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपात आलं. त्यात आहे ते प्रामुख्याने त्यांच्या दलित समाजाचं दुःख. नवऱ्याच्या माराबद्दल त्या मोकळेपणी बोलल्या ते नंतर मुलाखतीत. स्वतःचं दुखणं ओठांवर यायला किती काळ जावा लागतो, हे यावरून कळतं.

त्याच १९८६ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगावर लिहायचं. लिहून उठल्यावर मुलं जास्तच उदास होत. पण ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. पुढे जोडीदाराचा छळ सोसलेल्या स्त्रियांवरही ही पद्धत वापरून पाहिली गेली. ज्या नैराश्यात होत्या त्यांना काहीसा उतार पडला.

भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने अपमान, टोमणे, मानसिक छळ यांनाही हिंसा मानलं. ‘मारलं तर नाही ना?’ या प्रश्नाला कायद्यात तरी उत्तर मिळालं.

मात्र लिहिणं प्रत्येकाला मानवतंच असं नाही. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांना असं दिसलं, की नुकतंच लग्न मोडलेल्यांपैकी जे ‘असं का झालं’ याचा सतत काथ्याकूट करतात, त्यांचं मन अशा लिखाणाने सावरायला उलट जास्त वेळ लागतो. तीच जखम रोज उकरली जाते. कथा-कवितेचं मोल मला इथे वाटतं. पेनेबेकर यांच्याच २००३ च्या अभ्यासात, लिहिताना ज्यांची सर्वनामं दिवसागणिक बदलत गेली त्यांची प्रकृती जास्त सुधारलेली आढळली. काल ‘मी’ होती, आज ‘ती’. ‘ती’ला दुसरं नाव द्यायचं, दुसऱ्या गावात राहायला पाठवायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं.