तळघरातील गळती (इंदूर)

घराच्या जमिनीखालच्या भागात भिंतीतून, तळातून किंवा त्यांच्या सांध्यातून पाणी शिरणे म्हणजे तळघरातील गळती. इंदुरात तिला सरसकट ‘सीलन’ म्हणतात आणि मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे. हवेतली दमट ओल आणि दाबाखाली येणारा पाझर यांतला फरक या शब्दात बुजतो. दुरुस्ती चुकते ती बरेचदा इथेच.

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. वर काळी चिकण माती, खाली मुरूम आणि त्याखाली बसाल्टचा कठीण खडक. वर्षाला सुमारे ९५० मिमी पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात काळी माती आटून भिंतीपासून सुटते, बोट जाईल एवढी फट पडते आणि पहिला जोराचा पाऊस तिच्यातून थेट पायापर्यंत उतरतो. पुढे माती फुगते, फट मिटते, पण तीच माती आता भिंतीला बाहेरून रेटू लागते. खडक फोडून केलेल्या खड्ड्यात निराळीच अडचण असते. खालून निचरा नसल्याने पाणी साठते आणि तळघर जणू हौदात उभे राहते. तळाच्या वर एक मीटर पाणी चढले, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे एक टनाचा रेटा खालून बसतो. फरशीचे सांधे ओलावून मधली फरशी उचलली जाते ती याच रेट्याने. भिंतीमागचा भराव म्हणूनच मुरूम-खडीचा हवा. पण खोदकामात निघालेली काळी माती शेजारीच पडलेली असते, ती हलवायला ट्रकचे पैसे पडतात, आणि मग तीच परत लोटली जाते.

कारण शोधताना डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी वाढतो हे पाहणे जास्त उपयोगी पडते, कारण पाणी भिंतीच्या पोटातून बरेच अंतर चालून भलतीकडेच बाहेर पडते. डागाच्या कडेने खडूची रेघ ओढून शेजारी तारीख घालावी आणि महिनाभर रोज सकाळी पाहावे. पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत कड सरकली, तर गच्चीचा पाइप भिंतीलगत सुटतो आहे किंवा अंगणाचा उतार घराकडे आहे. पाऊस उघडल्यावरही आठवडाभर पाझर चालूच राहिला, तर जमिनीत साठलेले पाणी आहे. इंदुरात आणखी एक खूण सापडते. १९७८पासून शहराला सुमारे ७० किमीवरच्या जलूदहून नर्मदेचे पाणी येते आणि पुष्कळ वस्त्यांत ते एक दिवसाआड सुटते. ‘नळ आले’ की डाग ओला आणि मधल्या दिवशी तो फिका, असे दिसले तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. रस्त्यावरून घरात येणाऱ्या नळाचा सांधा उकरून पाहावा. जमिनीतल्या हौदाचा संशय असेल, तर रात्री त्यात येणारे आणि त्यातून जाणारे पाणी बंद करून पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली असेल तर संशय खरा.

दमट ओल ओळखायला हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवतात. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. त्याला खिडकी किंवा पंखा पुरतो. थेंब मागच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे. पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटला असेल तर तिथून पाणी जाऊन वाळले आहे, मग आज भिंत कोरडी का असेना.

उपाय बाहेरून सुरू करावा. घरालगतच्या पहिल्या तीन मीटरांत जमिनीला सुमारे १५ सेंमी उतार बाहेरच्या बाजूला द्यावा आणि गच्चीचे पाइप लांब नेऊन सोडावेत. एवढ्यानेच थांबलेल्या गळत्या कमी नाहीत, पण या कामात मिळकत नसल्याने मिस्त्री सहसा ते सुचवत नाही. तळ आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओतल्याने राहिलेला सांधा ही सर्वात नेहमीची वाट. तिथून पाणी वाहत असेल तर तिरपी भोके पाडून दाबाने पॉलियुरेथेन हे पातळ रसायन भरतात, ते पाण्याशी मिळून फुगते. कोरड्या तड्याला एपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट लेप, चालते, पण तडा हंगामागणिक उघडझाप करत असेल तर ते पुन्हा शेजारीच तडकते. आतून नुसता जलरोधक रंग मारणे हा बाजारातला सर्वात खपाचा आणि सर्वात निकामी इलाज. मागच्या पाण्याचा दाब त्याला फोडासारखा उचलून टाकतो. नव्या बांधकामात तळाखाली आणि भिंतीबाहेर खडबडीत फरशी सिमेंट-मसाल्यात बसवून पेटीसारखे आवरण करतात. घर उभे राहिल्यावर ते घालायचे तर भिंतीभोवती पायापर्यंत खणावे लागते, आणि तळाखाली तर ते जातच नाही. तेव्हा कडेने नाली काढून पाणी एका खड्ड्यात आणायचे आणि तरंगत्या बटणाच्या पंपाने (पाणी चढले की आपोआप सुरू होणाऱ्या) उपसायचे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

तळघर पाण्याने भरलेच, तर आधी बाहेरूनच वीज तोडावी. बाहेरची माती चिंब असताना सगळे पाणी एकदम उपसू नये. आतला आधार गेला की भिंत आत झुकू शकते. साधारण एक तृतीयांश पाणी काढून दिवसभर थांबावे. राहिलेले पाणी रात्रीतून पुन्हा चढलेले दिसले, तर आणखी थांबावे.