वळसा न घेणारा मज्जातंतू

एडिनबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात 1823 साली स्टेडमन यांनी विच्छेदनातली एक नोंद छापली. स्वरयंत्र हलवणारा उजवा मज्जातंतू एरवी मानेतून खाली उतरतो, उजव्या हाताला रक्त नेणाऱ्या धमनीखालून वळसा घेतो आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर येतो. या देहात तो वळसा न घेता मानेतूनच आडवा स्वरयंत्राकडे गेला होता. धमनीही नेहमीच्या जागेवरून निघाली नव्हती. या नोंदीचा शल्यचिकित्सकांना तेव्हा काहीच उपयोग नव्हता, कारण या मज्जातंतूला खेटून असलेली थायरॉइड ग्रंथी कापायला क्वचितच कोणी धजावत असे. 1866 सालीही सॅम्युअल ग्रॉस या अमेरिकन सर्जनच्या लेखी ही शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ कत्तल होती. झ्युरिकमध्ये सर्जन बिलरोथ यांच्या सुरुवातीच्या 20 रुग्णांपैकी 8 दगावले.

बर्नच्या थिओडोर कोखर यांनी रक्तस्राव आटोक्यात आणला आणि मृत्युप्रमाण एक टक्क्याच्या खाली नेले. 1909 साली त्यांना नोबेल मिळाले. रुग्ण वाचू लागले, तेव्हा कुठे त्यांच्या आवाजाचा हिशेब सुरू झाला. त्या काळी बऱ्याच सर्जनांचा शिरस्ता असा, की मज्जातंतूच्या वाटेला जायचेच नाही. ग्रंथीचा मागचा भाग तसाच ठेवायचा. 1938 साली बोस्टनच्या फ्रँक लाही यांनी उलट आग्रह धरला : मज्जातंतू शोधा, डोळ्यांनी पाहा, मगच कापा. माझ्या मते खरे वळण हेच. शोधायचे ठरल्यावर तो कुठे कुठे सापडू शकतो हे माहीत असणे भागच झाले.

तो थायरॉइडच्या खालच्या धमनीपुढून जातो, मागून जातो किंवा तिच्या फांद्यांमधून. कित्येकदा स्वरयंत्रात शिरण्याआधीच दुभंगतो. स्टेडमन यांना दिसलेला प्रकार उजवीकडे शंभरात एकापेक्षाही कमी लोकांत आढळतो, डावीकडे जवळजवळ नाहीच. त्याचे मूळ गर्भावस्थेत आहे. गर्भात महाधमनीतून निघणाऱ्या कमानीसारख्या रक्तवाहिन्यांपैकी उजवी चौथी कमान विरून गेली, की ज्याखालून वळसा घ्यायचा ती धमनीच तिथे उरत नाही. अशा माणसाला बहुधा आयुष्यभर काही जाणवत नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र उजव्या हाताची धमनी अन्ननलिकेमागून जाताना दिसते, आणि सर्जन सावध होतो.

थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची गोष्टही अशीच उशिराची. माणसातल्या या ग्रंथींचे वर्णन उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी 1880 साली केले. थायरॉइड काढल्यावर रुग्णांना झटके का येतात, याचे उत्तर त्या इवल्या गोळ्यांत होते. पण ते उमगायला पुढची काही वर्षे गेली. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमध्येच केलेल्या 503 शवविच्छेदनांच्या अभ्यासात 84 टक्के देहांत त्या चार होत्या, 13 टक्क्यांत चारहून जास्त. खालची जोडी गर्भात थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर उतरते, म्हणून ती जबड्याखालपासून छातीपर्यंत कुठेही अडकलेली सापडू शकते.

सगळेच वेगळेपण घातक नसते. 1902 साली शरीररचनाशास्त्रज्ञ झुकरकांडल यांनी वर्णिलेला थायरॉइड ग्रंथीच्या मागच्या कडेचा उंचवटा तर वाटाड्याच ठरला. मज्जातंतू बहुतेक वेळा त्याच्या आतल्या बाजूने जातो.

हल्ली काही ठिकाणी ग्रंथीला हात लावण्याआधीच मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला (स्वरयंत्राचा मज्जातंतू याचीच फांदी) वरच्या व खालच्या पातळीवर विजेचा सौम्य झटका देतात. वर स्वरयंत्राचा प्रतिसाद आला आणि खाली आला नाही, तर मज्जातंतू मधेच फुटून थेट गेला आहे, असे समजून पुढची चीर बेताने घेतली जाते.