कुरुंद, पॉलिश पेपर आणि नागपूरच्या गंजलेल्या तलवारी

नागपूरच्या भोसले घराण्यातल्या पहिल्या रघूजींची तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनहून मुंबईत आली. सोथबीजच्या लिलावात राज्य सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली होती. मूठ मराठा घडणीची, पातं युरोपीय आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत कोरलेलं रघूजींचं नाव, सोबत ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब. तलवार कुणाची हे ठरलं ते या ओळीवरून. मधल्या काळात कुणी हौशी माणसाने ती चकाचक करायला घेतली असती, तर आज ती निव्वळ एक जुनी फिरंग, म्हणजे युरोपीय पात्याची तलवार, म्हणून विकली गेली असती.

नागपूरकडच्या जुन्या घरांतून आजही तलवारी, कट्यारी, संगिनी निघतात. त्या गंजलेल्या का, याचं कारण अर्धं हवेत आहे, अर्धं इतिहासात. शस्त्र हातात होतं तोवर त्याची निगा राखणारा माणूसही होता, तो म्हणजे शिकलगार. कुरुंदाच्या दगडावर धार लावायची, पातं उजळायचं, तेलाचा हात फिरवायचा, हा त्याचा पिढीजात धंदा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. तरीही दरबारातल्या अरब शिपायांनी डिसेंबर अखेरपर्यंत शहर लढवलं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याचा बडगा आला. फौज गेली, तसा शिकलगाराचा पोटापुरता धंदाही गेला. तो कात्र्या-सुऱ्यांकडे वळला आणि तलवारी माळ्यावर गेल्या.

माळ्यावर त्यांना दोन शत्रू भेटले. पहिला म्हणजे म्यान. लाकडावर मखमल किंवा कातडं चढवलेलं म्यान पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं, शिवाय कमावलेल्या कातड्यातलं आम्ल लोखंडाला खातं. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणारं आपलं गाव जुलैत कसं ओलं होतं, हे काही नागपूरकराला सांगायला नको. दुसरा शत्रू, म्हणायला जड जातं, पण दसऱ्याची पूजा. ओलं हळदीकुंकू तसंच राहतं, पंचामृताचे शिंतोडे मुठीच्या सांध्यात जातात आणि वर्षभर तिथेच वाळतात.

ओळख पटवायला सुरुवात मुठीपासून करावी. माथ्यावर ताटलीसारखी कटोरी आणि वाकडं पातं असेल तर ती बहुधा नेहमीची तलवार. बोटं झाकणारी रुंद परज, वर बाहेर आलेला दांडा आणि सरळ पातं असेल तर खांडा किंवा फिरंग. फिरंगीच्या पात्यावर पन्हळी असतात आणि मुठीजवळ युरोपीय कारागिरांचे शिक्के सापडू शकतात. धावता लांडगा हा त्यातला प्रसिद्ध शिक्का. पण त्याच्या नकलाही भरपूर झाल्या, म्हणून एका शिक्क्यावर विसंबू नये. तीन धारांची, नळीसारखी बसणारी संगीन ठासणीच्या बंदुकीची. १८२१ पासून कामठीला छावणी आहे, त्यामुळे या भागात इंग्रजी फौजेच्या संगिनी निघाल्या तर नवल नाही. त्यातल्या १९०७ च्या नमुन्याचं पातं १७ इंची, त्यावर ‘आर. एफ. आय.’ अशी अक्षरं दिसली तर ती बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याची.

हे सगळं गंजाच्या थराखाली असतं, म्हणून आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. गंज दोन जातींचा. तांबूस, बोटाला लागणारा, भुकटी होणारा तो जिवंत, तो काढायचा. काळा, घट्ट बसलेला थर मात्र पात्याला एक प्रकारे जपतो. त्याला हात लावू नये. तांबूस गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून एक-दोन दिवस ठेवावं आणि मग पितळेच्या पट्टीने किंवा अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने खरवडावं. घाई नको. चिंच, लिंबू, टॉयलेट क्लीनर, ग्राइंडरचं चाक यांतलं काहीही नको. पोलाद जौहरदार, म्हणजे अंगचीच नक्षी असलेलं, असेल तर त्याची नागमोडी नक्षी पृष्ठभागावरच असते आणि चाकाखाली ती पुसली जाते. सोन्याचं कोफ्तगिरी काम तर त्याहून नाजूक. लोखंडावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकलेली असते. खालून गंज फुगला की ती उचलली जाते आणि पॉलिश पेपरचा एक हात फिरला की निघूनच जाते. तिथे पोलादी लोकरही चालत नाही. फार तर काडीला कापूस गुंडाळून तेलाचं बोट लावावं.

मुठीच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपल्याकडे पात्याची शेपटी मुठीत लाखेने बसवलेली असते. गरम पाण्याने लाख मऊ पडते, स्पिरिटने विरघळते. मग मूठ हातात आणि पातं फरशीवर! शेवटी पातं कोरडं पुसून पातळ मेणाचा हात द्यावा. खोबरेल, तिळाचं तेल लावू नये. ते चिकट होऊन धूळ धरतं. म्यान वेगळं ठेवावं.

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. आपली मूठ कुठल्या घडणीची हे तिथल्या मुठी पाहून बरंच कळतं. विकायचा विचार असेल तर आधी कायदा पाहावा. ९ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.