एकाच चौकोनातून डॅशहुंड आणि मुधोळ

वडोदऱ्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगोत्सव, सरला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पतंगाचे उरलेले कागद जमा होतात आणि त्यांतून ओरिगामीने, म्हणजे एकच चौकोनी कागद न कापता नुसत्या घड्या घालून, निरनिराळ्या जातींचे कुत्रे घडवण्याचा माझा उद्योग सुरू होतो. लहानपणी सगळेच जो कागदी कुत्रा करतात, तो म्हणजे केवळ तोंड आणि दोन लोंबते कान. चार पाय, शेपूट, मुस्कट आणि दोन कान हवे असतील, तर आठ टोके लागतात, आणि चौकोनाला कोपरे चारच असतात.

उरलेली चार टोके कुठून काढायची, याचे उत्तर भूमितीत आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग यांनी आणि जपानमध्ये तोशियुकी मेगुरो यांनी स्वतंत्रपणे जी पद्धत विकसित केली, तिच्यात पसरलेल्या कागदावर प्रत्येक टोकासाठी त्याच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवतात. ही वर्तुळे एकमेकांवर चढता कामा नयेत. टोक कोपऱ्यात असेल तर पाव वर्तुळ पुरते, कडेवर असेल तर अर्धे लागते, आणि कागदाच्या मध्यभागी असेल तर पूर्ण. म्हणजे तेवढ्याच लांबीचा पाय मध्यभागातून काढला, तर कोपऱ्याच्या चौपट कागद खातो.

धडासाठी वर्तुळांच्या मधून सारख्या रुंदीचा एक पट्टा सोडतात, ज्याला या क्षेत्रात ‘नदी’ म्हणतात; नदी जितकी रुंद, तितके धड लांब. जातीजातींतला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. लांब धडाच्या, आखूड पायांच्या डॅशहुंडची नदी रुंद आणि पायांची वर्तुळे इवलीशी असतात. उंच, सडपातळ मुधोळच्या पायांची वर्तुळे मात्र एवढी मोठी होतात की तेवढ्याच कागदातून त्याला सगळे अवयव प्रमाणात द्यायचे, तर सगळा कुत्राच लहान करावा लागतो. खऱ्या डॅशहुंडचे आखूड पाय एफजीएफ४ या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे होतात, हे २००९ मध्ये कळले. कागदावर तेच काम कंपास करतो.

घड्या सपाट बसण्यालाही नियम आहे. सपाट मिटणाऱ्या कागदात, कडा सोडून, ज्या बिंदूत घड्या मिळतात, तिथे डोंगरघड्या (वर उठणाऱ्या) आणि दरीघड्या (आत जाणाऱ्या) यांच्या संख्येत नेहमी २ चाच फरक असतो. चौकोन दोनदा निम्मा दुमडून उघडावा आणि मध्यबिंदूभोवती मोजावे. एका प्रकारच्या तीन, दुसऱ्या प्रकारची एक.

बुलडॉगचे लोंबते गाल मात्र सपाट घडीत येतच नाहीत. त्यासाठी जपानी ओरिगामी कलावंत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांची ओल्या घडीची रीत मला सर्वांत सुंदर वाटते. जाड कागद किंचित ओलसर केला की त्यातली खळ आणि तंतूंमधले बंध सैल होतात, हाताने गोलाई देता येते, आणि कागद वाळताना बंध पुन्हा जुळून आकार पक्का होतो. तीच ओल पावसाळ्यात नको तिथे काम करते: दमट हवेत तंतू पाणी शोषून नरम पडतात आणि पतंगाच्या पातळ कागदाचा मुधोळ दोन दिवसांत पाय फाकवून बसतो. म्हणून तो मी उत्तरायणानंतरच्या कोरड्या हवेतच घडवतो, आणि पावसाळा बुलडॉगसाठी ठेवतो.